फाटकातून, न विचारता

शिलपूलच्या बायका जराशा उद्धट असत्या, तर ती वाट आज त्यांची असती. डॉर्कस हॅनफर्डला हे कळायला अर्धं आयुष्य गेलं, आणि उरलेलं अर्धं तिने दातओठ खाण्यात घालवलं.

वाट म्हणजे तरी काय होती! गावामागून निघणारी, गाढव आणि टोपलीवाली बाई शेजारी शेजारी जेमतेम चालतील एवढी बोळकांडी, आणि तिच्या टोकाला वेल्म नदीत उतरणारा दगडी धक्का. ओहोटी लागली की नदीचं पोट उघडं पडायचं. मैलभर चिखल आणि त्या चिखलात शिंपल्यांतल्या तिसऱ्या. पुरुष होड्या घेऊन बाहेर समुद्रावर जायचे. चिखल बायकांचा होता. डॉर्कसची आजी त्या वाटेने उतरली, आई उतरली, आणि डॉर्कस चालायला लागली तशी आईचा स्कर्ट धरून तीही उतरली. टेकडीला वळसा घालून जाणारी दुसरी वाट होती, नाही असं नाही. पण त्या वाटेने खाली पोचेपर्यंत भरती परत आलेली असायची. धक्क्याची वाट गेली की तिसऱ्या गेल्या, आणि तिसऱ्या गेल्या की हिवाळ्यात पातेल्यात नुसतं पाणी उकळायचं. एवढी साधी गोष्ट होती. ती शिकलेल्या माणसांना कधी समजली नाही.

नौदलाचं कॉलेज नंतर आलं. आधी आली जहाजं. डोलकाठ्या उतरवलेली दोन जुनी लाकडी लढाऊ जहाजं नदीत नांगरून ठेवली होती, मधे पूल टाकून जोडलेली. त्यांच्यात बारा-तेरा वर्षांची पोरं राहायची. ॲडमिरलांची, पाद्र्यांची, जमीनदारांची पोरं. पहाटे गार पाण्याने आंघोळ, दिवसभर दोरांच्या गाठी आणि आकाशातले तारे, आणि रात्री उंदीर. ओहोटीला चिखलात उतरायचं तर बायकांना त्या जहाजांच्या नाकाखालून जावं लागे. नदी काही जहाजांच्या बापाची नव्हती. पण शिलपूलच्या बायकांना वाटलं, कुणाच्या दारावरून जायचं तर दोन शब्द बोलून जावं. डॉर्कसची आई, एलायझा, सगळ्यांच्या पुढे असायची. ती चिखलात उभी राहून, टोपली डोक्यावर सावरत, वर बघून ओरडायची, “कॅप्टन, परवानगी असावी!”

वर पहाऱ्यावर असलेला अधिकारी टोपीला बोट लावायचा. “परवानगी आहे, बायांनो!”

पोरं कठड्यावरून वाकून खिदळायची. बायका खालून हसायच्या. थट्टाच होती ती. घरातलाच माणूस उंबऱ्यावर थांबून ‘येऊ का आत?’ म्हणतो, तसली. पण चाल पडली. न विचारता कुणी उतरलं तर बाकीच्या तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागल्या.

मग जहाजं कुजली. पोरांना खोकले लागले, दोन-चार दगावली, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांत ओरड झाली तेव्हा कुठे साहेबलोकांना जाग आली. टेकडी विकत घेतली गेली. तिच्यावर लाल विटांची इमारत उठली, घड्याळाचा मनोरा उठला, हिरवळीच्या मधोमध जहाजाची डोलकाठी रोवली गेली. आणि सगळ्याला मिळून एक भिंत घातली गेली. बोळकांडीचा खालचा अर्धा भाग भिंतीच्या आत गेला. कुणी कुणाला विचारलं नाही. साहेबलोक कधी विचारत नसतात. विचारायची रीत आपल्यासारख्यांसाठी असते.

वाट जिथे भिंतीला आपटत होती तिथे लोखंडी फाटक बसवलं आणि फाटकावर एफ्रम टोझरला बसवला. टोझर जुन्या जहाजांवरचाच खलाशी, लाकडी पायाचा. पहिल्या दिवशी बायका टोपल्या घेऊन येऊन थबकल्या. एलायझाच्या तोंडून सवयीने निघालं, “कॅप्टनसाहेबांची परवानगी असावी!” टोझरने काठी खाली ठेवली, टोपीला बोट लावलं आणि छाती काढून म्हणाला, “कॅप्टनसाहेबांची परवानगी आहे!” बायका टाळ्या पिटत आत शिरल्या. फाटक कुठे अडवतंय आपल्याला! दर नाताळात तिसऱ्यांचं सारण भरलेली मोठी कणकेची ‘पाय’ भट्टीत भाजून त्या कॅप्टनच्या बंगल्यावर न्यायला लागल्या, परवानगीबद्दल आभार म्हणून. कॅप्टनीणबाई पोरांच्या हातात एकेक संत्रं ठेवायच्या. संत्रं घेऊन घरी आलेल्या छोट्या डॉर्कसला कॉलेज म्हणजे देवाघरची माणसं वाटायची.

तेवढ्यावर ती फसली. मोठी झाली तशी कॉलेजच्या धुलाईघरात कामाला लागली. सकाळी ओहोटी असेल तर चिखल, नाहीतर साबण. पोरांच्या शर्टांच्या आत नावाच्या पट्ट्या शिवलेल्या असायच्या. कोण रात्री रडतो हे तिला उशीच्या अभ्र्यावरून कळायचं. ती ते कुणाला सांगायची नाही. जेम हॅनफर्डशी लग्न झालं आणि जेमबरोबर त्याची बहीण केझिया पदरात पडली.

केझियाला अदब कुणी शिकवलीच नव्हती. ती फाटकापाशी यायची, थांबायची नाही, बोलायची नाही, कमरेने फाटकाला असा धक्का द्यायची की ते भिंतीवर जाऊन आदळायचं.

“अगं, निदान परवानगी तरी माग!” टोझर कळवळायचा.

“कुणाची? नदीची? तिला विचारून आलेय. हो म्हणाली.”

“कॅप्टनसाहेबांची गं!”

“तो कोण? काल आला, उद्या जाईल. सरक, तुझा पाय आडवा येतोय.”

डॉर्कसला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “वन्सं, तुमच्यामुळे सगळ्या गावाची अब्रू जाते.”

“जाऊ दे की. चिखलात उतरताना अब्रू कशाला हवी तुला? गुडघ्यांना गार लागतं म्हणून गुंडाळायला?”

एकदा तर डॉर्कसने चर्चच्या दारात, पाद्रीबुवांच्या देखत, सगळ्या बायकांच्या वतीने तिला सुनावलं होतं, की न विचारता जाणं ही चोरी आहे आणि शिलपूलच्या बायका चोर नाहीत. पाद्रीबुवांनी मान डोलावली होती. ते वाक्य पुढे डॉर्कसच्या उरावर बसायचं होतं.

मग एकोणीसशे चौदा सालचा ऑगस्ट उजाडला. होड्यांच्या शर्यतींचा आठवडा होता. दुपारी कॉलेजच्या हिरवळीवर बिगुल वाजला आणि वाजतच राहिला. लढाई लागली होती. पोरांना, पंधरा-पंधरा वर्षांच्या पोरांना, त्याच रात्री खऱ्या जहाजांवर चढायचं होतं. प्रत्येकाची पेटी लोखंडी कड्यांची, दोन माणसांनी उचलायची. बोटी धक्क्याला लागलेल्या आणि पेट्या वर टेकडीवर. कॅप्टन स्वतः, डोक्यावर टोपी नाही असा, फाटकापर्यंत धावत आला.

“बायांनो, हात लावा! देवाच्यान् हात लावा!”

बायकांनी हात लावला. अंधार पडेपर्यंत त्या वाटेवरून पेट्या उतरल्या. केझियाने एकटीने पेट्या पाठीवर घेतल्या. डॉर्कस धुलाईघरातून ओले शर्ट कवेत घेऊन धावत होती आणि पट्ट्यांवरची नावं ओरडत होती. एका पोराने ओला शर्ट तसाच पेटीत कोंबला आणि विचारलं, “बाई, सुकेल ना हा?”

“वाऱ्यावर सुकेल रे राजा. समुद्रावर वारा काय कमी आहे?”

हिवाळ्याआधीच बातम्या यायला लागल्या. त्या दिवशी घाईत काही शर्ट दोरीवरच राहिले होते. डॉर्कसने ते इस्त्री करून, घडी घालून फळीवर ठेवले. न्यायला कुणी आलं नाही. तिने नावं कधी मोठ्याने म्हटली नाहीत, पण फळीखालून जाताना तिची मान आपोआप खाली जायची.

त्यानंतर पुष्कळ कॅप्टन आले आणि गेले. एलायझा गेली, आणि पुढे उभं राहून परवानगी मागायचं काम डॉर्कसकडे आलं. ती ते आईपेक्षा झोकात करायची. शेवटी हॅलिवेल नावाचा कॅप्टन आला. त्याला धक्क्यावर नव्या शिडाच्या होड्यांसाठी छपऱ्या बांधायच्या होत्या. बायका, टोपल्या, गाढवं त्याच्या नकाशात बसत नव्हती. एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं.

“टोझर, हे काय?” डॉर्कसने विचारलं.

टोझर जमिनीकडे बघत होता. “कुलूप.”

“दिसतंय मला कुलूप! परवानगी असावी म्हणतेय मी.”

“परवानगी नाहीये, डॉर्कस.” म्हातारा असं बोलला की जणू त्याचा उरलेला पायही कुणी मागून नेला.

बायका वळसा घालून गेल्या. पोचल्या तेव्हा पाणी चढत होतं. रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या तशा परतल्या.

डॉर्कस कॅप्टनच्या कचेरीत गेली. कारकून म्हणाला, हा प्रश्न विश्वस्तांचा. विश्वस्तांकडून आलं, जमिनीचं सगळं लंडनला. लंडनहून आलं, वाटांचं बघायला जिल्ह्याची काउंटी कचेरी आहे. काउंटीचा माणूस म्हणाला, बाई, हे कॉलेजच्या हद्दीत येतं, तुम्ही कॅप्टनसाहेबांना भेटलात का? डॉर्कस त्याला म्हणाली, “साहेब, मी गाढव हाकते, पण गोल गोल फिरवत नाही हो.” तो हसला. हसला आणि जेवायला गेला.

मग टपालवाल्याने खबर आणली. नवा कायदा झालाय. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, आपली म्हणून चालले असतील, तर ती वाट लोकांची. फाटक बांधा, भिंत बांधा, वाट लोकांची. डॉर्कस उडालीच. वीस? आपण तर आजीपासून चालतोय! तिने अर्ज खरडला, दोनदा फाडला, तिसऱ्यांदा पाठवला. आणि नवल म्हणजे काउंटीने खरंच चौकशीला अधिकारी धाडला. चॅपलच्या सभागृहात सुनावणी ठरली.

आदल्या संध्याकाळी डॉर्कसने बायकांना गोळा केलं. “ठेवणीतले कोट घाला. नीट बोला. ते म्हणणार ह्या गावंढळ, दांडगाईने घुसतात. आपण दाखवून द्यायचं आपली रीत काय आहे ते. आणि वन्सं, तुम्ही उद्या घरीच राहा.”

केझिया मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. “का गं? वास येतो माझा?”

“तुमचं तोंड सुटलं की आवरत नाही. सगळं मुसळ केरात जाईल.”

“बरं,” केझिया म्हणाली. तिने बांगड्याचं डोकं सुरीच्या एका घावात उडवलं.

सभागृह खच्चून भरलं. काउंटीचा अधिकारी सर्दीने बेजार, समोर कागदांची चळत. कॉलेजचे वकील मात्र नुसते एका टोकदार पेन्सिलीशी खेळत बसलेले. डॉर्कसला वाटलं, ह्यांची तयारीच नाही.

पहिली साक्ष म्हाताऱ्या ॲना लस्कमची. किती वर्षं त्या वाटेने जाता? आठवतं तेव्हापासून, साहेब. कोणी अडवलं? कधीच नाही. अधिकाऱ्याने लिहून घेतलं. वकील उठले, गोड हसले.

“आजी, तुम्ही अशाच घुसायचात का हो फाटकातून?”

ॲना ताठ झाली. “अशाच? आम्हाला काय जनावरं समजलात? परवानगी मागून जायचो!”

“दर वेळी?”

“दर वेळी!”

“आणि ती मिळायची?”

“अहो, कॅप्टनसाहेबांनी कधी नाही म्हटलं नाही. देवमाणसं होती.”

“आभारी आहे, आजी.” वकील खाली बसले. बस, एवढंच.

दुसरीला तेच विचारलं. दुसरी म्हणाली, एकदाही न विचारता पाऊल टाकलं नाही. तिसरीने नाताळच्या त्या भाजलेल्या ‘पाय’चं वर्णन केलं. कशी कडा दुमडायची, वर नांगराचं चित्र कसं काढायचं, आणि आभार मानून ती कशी द्यायची. वकिलांनी तिला मधे तोडलंसुद्धा नाही. पेन्सिल टेबलावर हळूच वाजत होती. आणि त्या टकटकीने डॉर्कसच्या डोक्यात काहीतरी हललं. आपली म्हणून चालले असतील तर. आपल्या घरात शिरायला आपण कुणाची परवानगी मागतो?

ती खोकली. चौथी बाई साक्षीला उभी होती. तिने डॉर्कसकडे पाहिलं, तिला वाटलं आपण पुरेसं अदबीने बोलत नाही. तिने गुडघ्यात लवून सांगितलं की टोझरकाकांनी परवानगी देईपर्यंत आम्ही पावसातसुद्धा उभ्या राहायचो. डॉर्कस पुन्हा खोकली. डोळे वटारले. जितकी ती खोकत होती तितक्या बायका जास्त जास्त शालीन होत होत्या. तिनेच शिकवलं होतं ना!

टोझरची साक्ष झाली. त्याने बिचाऱ्याने उभं राहून टोपीला बोट लावून दाखवलं.

मग डॉर्कस. बायबलवर हात.

“मिसेस हॅनफर्ड, तुमच्या आईनंतर ही परवानगी मागायचा मान तुमच्याकडे होता. खरं ना?”

खोटं बोलता आलं असतं. सगळं गाव समोर बसलं होतं, आणि गावाला तिच्या तोंडून तो मान ऐकायचा होता. “हो,” ती म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. “आणि चौदा सालच्या ऑगस्टात? तुमचा कॅप्टन उघड्या डोक्याने फाटकापर्यंत धावत आला होता, तेव्हा आम्ही विचारलं होतं का परवानगी असावी? त्याने विचारलं होतं का आम्हाला? पेट्या कुणी वाहिल्या? ती पोरं कुणाच्या वाटेने मरायला गेली? बोला ना!”

अधिकाऱ्याने नाक पुसलं. “बाई, तुमच्या भावना मी नोंदवतो. पण तो एक दिवस होता.”

वकील मऊ आवाजात म्हणाले, “माझं म्हणणं साधं आहे. जी गोष्ट मागून मिळते ती मागणाऱ्याची नसते. हे गाव मागत आलंय. सौजन्याने मागत आलंय, त्याबद्दल मला आदर आहे. पण मागत आलंय.”

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. आणखी कुणी साक्षीदार? डॉर्कस म्हणाली, “आहे. थांबा. आहे!” आणि ठेवणीतला कोट वर धरून ती रस्त्यावरून धावत सुटली.

केझिया दारात पायरीवर बसली होती. हातात आजही सुरी.

“वन्सं, चला.”

“मी येऊ नये म्हणाली होतीस.”

“तेव्हा मी मूर्ख होते.”

“आणि आता?”

“आताही आहे. पण चला हो, पाया पडते!”

केझिया खवल्यांनी चमचमणाऱ्या ॲप्रनसकट आली. मागितली का कधी परवानगी? थू, कशाला मागू. कुणी अडवलं? अडवून बघायचं होतं कुणीतरी. अधिकाऱ्याची लेखणी पहिल्यांदा जरा झपाझप चालली.

वकील उठले. “तुमचं हे वागणं गावाला पसंत होतं?”

“गावाला लाज वाटायची माझी.” लोक हसले. केझियाही हसली.

“म्हणजे खुद्द गावाच्या मते, न विचारता त्या वाटेने जाणं गैर होतं?”

केझियाचं हसू मावळलं. तिने भावजयीकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. “ते तिला विचारा,” ती म्हणाली.

कुणी विचारलं नाही. गरजच नव्हती. पाद्रीबुवा पहिल्या रांगेत बसले होते आणि आपल्या बुटांकडे बघत होते. चर्चच्या दारातलं ते वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं.

निकाल लागायचा तसा लागला. वर पुन्हा मीठ चोळायला कॅप्टन हॅलिवेलने मोठं मन दाखवलं. छपऱ्या जरा बाजूला बांधू. बायकांना दर वर्षी पास देऊ. ओहोटीच्या वेळी फाटक उघडं राहील. अट एकच, पास घेताना सही करायची, की ही वाट कॉलेजची आहे.

“नका घेऊ!” डॉर्कस घरोघर फिरली. “आज सही केलीत की कायमच्या गेलात. आजपासून वीस वर्षं न विचारता चालू. मग बघू काय म्हणतोय तो पेन्सिलवाला.”

“वीस वर्षं?” ॲना लस्कमची सून म्हणाली. तिच्या काखेत एक पोर आणि स्कर्टला दोन. “डॉर्कस, ह्यांना आज दुपारी खायला लागतं गं.”

ते खरं होतं आणि तोच डॉर्कसचा संताप होता. बायकांनी सह्या केल्या. तिला त्यांचा राग यायचा, मग राग आल्याचा राग यायचा. धुलाईघराच्या मुख्य बाईने तिला जवळ बोलावून म्हटलं, “तुला इथं आता अवघडल्यासारखंच होत असेल, नाही का?” म्हणजे उद्यापासून येऊ नकोस. डॉर्कसने फळीवरचे ते जुने शर्ट एकदा शेवटचे झटकले आणि निघाली.

उरल्या दोघी, नणंद-भावजय. पास नाही, सही नाही. ओहोटीला फाटक उघडं असायचं. त्या पासवाल्यांच्या मागून जायच्या, कुणाकडे न बघता. केझियाला ते श्वास घेण्याइतकं सोपं होतं. डॉर्कसचे ओठ मात्र फाटक आलं की आपोआप हलायला लागायचे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उद्धटपणा शिकायचा म्हणजे खेळ नाही. ती ओठ घट्ट मिटायची आणि पुढे व्हायची. आणि नेमका टोझर टोपीला बोट लावायचा, “कॅप्टनसाहेबांची परवानगी आहे!”

“गप्प बस, मेल्या!” डॉर्कस किंचाळायची. “आम्ही मागितली का? का देतोस?”

“तोंडातून जातं गं. इतकी वर्षं म्हणतोय.”

“तू दिलीस की आमची मोजणी मोडते. कळतंय का?”

“बरं, उद्यापासून नाही.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट टोपीला. शेवटी तो बिचारा दोघींना येताना पाहिलं की भिंतीकडे तोंड करून उभा राहायला लागला. केझिया म्हणायची, “बघ, खोडकर पोराला कोपऱ्यात उभं केल्यागत दिसतोय.”

असं चाललं असतं तर कदाचित झालंही असतं. पण दुसरी लढाई आली. कॉलेजातली पोरं आतल्या मुलखात हलवली गेली, धक्क्यावर काटेरी तारा आल्या, बोळकांडीत सैनिक उभे राहिले. पासवाल्या बायका आणि बिनपासवाल्या, सगळ्यांनाच वाट बंद. टोझर त्याच काळात गेला. तारा निघाल्या तेव्हा डॉर्कस मुद्दाम शहरात जाऊन एका वकिलाला विचारून आली. मधे खंड पडला ना, तो म्हणाला, मग पुन्हा पहिल्यापासून.

“पुन्हा पहिल्यापासून,” तिने घरी येऊन केझियाला सांगितलं.

“मग काय झालं? मी कुठे मोजत होते?”

केझिया ती वीस वर्षं पुरी करायला थांबली नाही. एका फेब्रुवारीत छातीत कफ झाला आणि गेली. आता डॉर्कस एकटी होती. जेम तर केव्हाच समुद्राने नेला होता. गावातल्या पोरी बसने शहरात, कारखान्यात जायला लागल्या. पास न्यायलाही कुणी येईना. ॲना लस्कमची नात एकदा कौतुकाने म्हणाली, “आजी, कशाला तंगड्या तोडतेस? तिसऱ्या डब्यात मिळतात आता.”

“तिसऱ्यांचं कोण बोलतंय गं!” डॉर्कस ओरडली, इतकी की पोर दचकली. वाट कशासाठी हवी होती ते संपलं होतं. वाट तेवढी उरली होती. कमरेत दुखणं होतं, हातात काठी होती. तरी ओहोटी पाहून ती निघायचीच.

असंच एका सकाळी ती फाटकापाशी आली. टोझरच्या जागी आता आळीपाळीने कॅडेट उभे असत. आज होता तो तांबूस गालांचा, नव्या कडक कॉलरचा, नुकताच आईपासून सुटलेला. म्हातारी बाई काठी टेकत येताना पाहून तो धावत पुढे झाला, त्याने फाटक पूर्ण उघडून धरलं आणि टोपीला हात लावला.

“या आजी. खुशाल जा.”

डॉर्कस जागच्या जागी थांबली. “काय म्हणालास?”

“खुशाल जा म्हटलं.”

“लाव ते.”

“काय?”

“फाटक लाव. बंद कर.”

“पण आजी, तुमच्यासाठीच उघडलंय...”

“तेच तर! लाव म्हणते ना.”

पोराने घाबरून फाटक लावलं. डॉर्कस चार पावलं मागे गेली, जशी कुणी आत्ताच पहिल्यांदा येतेय. मग पुढे होऊन तिने दुखऱ्या कमरेने फाटकाला धक्का दिला. केझियासारखा. फाटक हललं नाही. पुन्हा दिला. गंज करकरला. पोराचा हात मदतीला पुढे आला.

“हात लावलास तर बघ!”

हात मागे गेला. तिसऱ्या धक्क्याला फाटक सरकलं, फार नाही, एक म्हातारी आडवी होऊन जाईल एवढं. ती आत शिरली. ऊर धपापत होता. मागे पोराने, काय करावं ते न कळून, पुन्हा टोपीला हात लावला. चांगलं पोर होतं. कुणाच्या तरी घरचं, रात्री उशी ओली करणारं. ‘आभारी आहे रे राजा’ हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले.

तिने ते गिळले आणि धक्क्याकडे उतरायला लागली.